बदलीची बाई

मी मेले तेव्हा गावी चुलीपुढे बसून घावणे घालत होते. गौरी जेवणाचा दिवस, घरात पाहुणे मावत नव्हते, आणि धाकट्या जावेने पीठ असलं पातळ केलं होतं की उलथनं लावलं की घावण्याच्या चिंध्या. मी तिच्या नावाने शंख करत होते, तेवढ्यात मुंबईहून कृणालचा फोन आला. कृणाल माझा मुलगा. त्याला नव्या नोकरीत रजा मिळाली नव्हती म्हणून तो विक्रोळीला घरीच राहिला होता. फोन उचलला तर नुसता श्वास ऐकू येतोय. मग म्हणाला, "आई, तूच बोलतेयस ना?"

मी म्हटलं, मी नाही तर काय तुझी आजी बोलतेय? तर पोरगा रडायलाच लागला. एवढा घोडा झालेला मुलगा, हुंदके देऊन रडतोय, आणि मला काही कळेना. हळूहळू त्याने सांगितलं. पोलिसांचा फोन आला होता. मुलुंडच्या टॉवरमध्ये प्रेमा परब नावाची घरकाम करणारी बाई चौदाव्या मजल्यावरून पडून वारली, तुम्ही तिचे कोण लागता, ताबडतोब या. आई गावी आहे, असं त्याने तीनतीनदा सांगितलं. पोलीस म्हणाले, गळ्यात कार्ड आहे, कार्डावर नाव आहे, फोटो आहे, आणि ज्यांच्या घरातून पडली त्या मॅडमनेही सांगितलंय, "हमारी बाई है." एवढं सगळं ऐकल्यावर त्या पोराच्या डोक्यात आलं, आई गावाहून लवकर परत आली असेल, आपल्याला न सांगता कामावर गेली असेल. आहेच मी तशी.

खोटं कशाला बोलू, मला आधी हायसं वाटलं. आपण मेलो नाही याचं आपल्यालाच हायसं वाटावं, असला येडचापपणा. नंदूने, माझ्या नवऱ्याने, गणपतीपुढे नारळ ठेवला. सासूने माझी दृष्ट काढली आणि म्हणाली, "अगो बाय माझ्या, वाचलंस गो." सगळे माझ्याभोवती गोळा होऊन माझ्याकडे बघत होते. मी वाचले होते हे बरोबर. पण कोणीतरी पडलं होतं, माझं कार्ड गळ्यात घालून पडलं होतं, आणि ते कोण हे त्या भरल्या घरात मला एकटीलाच माहीत होतं. तवा उतरवायचं भानही मला राहिलं नाही.

ती कल्पिता होती. माझी बदली.

हे बदलीचं प्रकरण आधी सांगते, कारण ज्यांच्या घरी बाई असते त्यांनासुद्धा ते धड माहीत नसतं. आम्ही काम करतो त्या घराला "माझं घर" म्हणतो. सातवा मजला माझा, चौदावा माझा, अकरावा माझ्यासारख्याच काम करणाऱ्या सुरेखाचा. आता घर कसलं आमचं, चप्पल दाराबाहेर काढावी लागते. पण म्हणतो. गावी जायचं असो, कोणाचं बाळंतपण असो, रजा मागितली की मॅडम म्हणते, जा ना, पण बाई देऊन जा. म्हणजे आपल्या जागी आपणच माणूस शोधून द्यायचं. बदलीवाली कामाला चांगली हवी, पण आपल्यापेक्षा चांगली नको, नाहीतर घर गेलंच म्हणून समजा. आपण परत आलो की तिने मुकाट्याने घर सोडायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की बदलीवर असताना कशालाही नाही म्हणायचं नाही. तू नाही म्हटलंस, मॅडम भडकली, तिने नवीन बाई बघितली, तर तुझं काय जातं? घर पहिलीचं जातं. म्हणून सांगतील ते करायचं आणि पहिली परत आली की ती बघून घेईल. मी स्वतः असल्या बदल्या केल्यात. एका घरी कुत्र्याची उलटी हाताने काढली, तोंडातून ब्र काढला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

कार्डाचंही तसंच. टॉवरच्या गेटवर कार्ड दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. नवीन बाईचं कार्ड काढायचं म्हणजे पोलिसांचा दाखला आणा, फोटो आणा, सेक्रेटरीची सही आणा, तोवर गणपती जाऊन दिवाळी येईल. म्हणून बदलीवाली पहिलीचंच कार्ड गळ्यात घालून जाते. वॉचमनला माहीत, सेक्रेटरीला माहीत, मॅडमला तर माहीतच माहीत. फोटोकडे बघतं कोण.

कल्पिता वर्सोव्याची, कोळ्यांची पोरगी. मिथुन नावाच्या रिक्षावाल्यावर जीव जडला, घरच्यांशी भांडून लग्न केलं आणि मानखुर्दला नांदायला गेली. तिची आई पुतळाबाई मासळी विकते. कोळ्यांत दर्यावर पुरुष जातात, पण मासळीचा भाव बाई सांगते आणि पैसा बाईच्या कनवटीला असतो. त्या घरातली पोरगी लोकांची भांडी घासते म्हटल्यावर पुतळाबाईने पोरीशी बोलणं टाकलं होतं. कल्पिता आमच्या टॉवरशेजारच्या जुन्या बिल्डिंगीत दोन घरं करायची. मला मावशी म्हणायची. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. गावी जाताना मी तिच्या गळ्यात माझं कार्ड घातलं तर फोटो बघून म्हणाली, "मावशे, या फोटोत तू चोरासारखी दिसतेस गं." मी तिच्या पाठीत धपाटा घातला होता.

संध्याकाळी जी पहिली खाजगी गाडी मिळाली तिच्यात बसून मी आणि नंदू निघालो. नंदूला झोप लागली. माझ्या डोक्यात मॅडमचं वाक्य फिरत होतं. हमारी बाई है. आयुष्यभर मी हा शब्द ऐकत आले, पण असा कधी डोक्यात बसला नव्हता. लहानपणी आई मला बाय म्हणायची. आमच्या मालवणीत लाडक्या लेकीला बाय म्हणतात, कोळ्यांतही म्हणतात. शाळेत गेले तेव्हा बाई म्हणजे शिकवणाऱ्या बाई, त्या वर्गात आल्या की आम्ही बाकावरून उभ्या राहायचो. मोठ्या मोठ्या राण्यांच्या नावामागे बाई. मग लग्न होऊन मुंबईला आले, कामाला लागले, आणि बाई म्हणजे मी. "आमच्याकडे बाई येते." "बाई आली नाही आज, वाट लागली." नाव विचारायची गरजच नाही.

गेटवरचा वॉचमन सहदेव बिहारकडचा, तो आम्हाला कधी बाई म्हणायचा नाही, दीदी म्हणायचा. एकदा कारण विचारलं तर लाजला. त्याच्या मुलखात बाईजी म्हणजे लग्नात नाचायला आणतात ती. गावी बायकोला सांगायची सोय नाही म्हणाला, की मी दिवसभर बायांना गेटमधून आत सोडतो. सातव्या मजल्यावरचे गुजराती मला बेन म्हणतात. चौदाव्यावरची शाळेत जाणारी पोरगी दारातून "बाय, बाई" असं ओरडून आपल्याच विनोदाला हसायची. कृणालने सांगितलं होतं, इंग्रजीतलं ते बाय म्हणजे देव तुझ्यासोबत असो, असं काहीतरी लांबलचक होतं, बोलून बोलून झिजलं. आणि आपल्या बाईचं काय रे, कुठून आली, असं विचारलं तर म्हणाला, त्यावर जाणकारांचंच एकमत नाही. नसेना का. शब्दालाही आईबाप माहीत नसले तर आमच्यासारखीचं काय घेऊन बसलात.

पण एक माणूस होतं ज्याच्या तोंडचा हा शब्द मला आवडायचा. चौदाव्या मजल्यावरची दादीसा, मॅडमची सासू. मारवाडातली म्हातारी, गुडघ्यांनी खलास, दिवसभर पलंगावर जपमाळ घेऊन बसलेली. मी तिच्या गुडघ्यांना तेल चोळायची तेव्हा मला प्रेमाबाई म्हणायची. म्हणायची, आमच्याकडे बाई बहिणीला म्हणतात, लेकीला म्हणतात, तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी कशाला वाईट वाटून घेतेय? उलट बरं वाटायचं. सुनेला चोरून मला सुकामेवा द्यायची. कल्पिता बदलीला लागल्यावर तिचा एकदा फोन आला होता. म्हातारी गोड आहे गं मावशे, म्हणाली, मला कल्पिताबाई म्हणते, आणि माझ्या आईबद्दल, मासळीबद्दल सगळं विचारते, नाक मुरडत नाही. ती शुद्ध शाकाहारी म्हातारी, आणि हिने तिला बोंबील कसे सुकवतात ते सांगितलं.

सकाळी थेट हॉस्पिटलला गेलो. कृणाल तिथेच होता, मला बघून त्याने माझा हात धरला तो सोडेना. शवागाराच्या माणसाने मला आत नेलं. पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधली होती आणि तिच्यावर माझं नाव. आपलं नाव असं वाचायला मिळणं कोणाच्या वाट्याला न येवो. चेहरा फारसा बिघडला नव्हता. मी म्हटलं, ही प्रेमा परब नाही, मी प्रेमा परब. त्या माणसाने वैतागून विचारलं, मग ही कोण? मी तिचं नाव सांगितलं, तिच्या नवऱ्याचं सांगितलं, आईचं सांगितलं. मिथुन रात्रभर तिला मानखुर्दच्या सगळ्या ओळखीच्या घरी शोधत होता. मुलुंडला मेलेली बाई प्रेमा होती ना, मग कल्पिताची खबर त्याला देणार कोण?

पुतळाबाई दुपारी आली. ठसठशीत बाई, केसात फूल तसंच राहिलेलं, बाजारातून उठून आली होती. मोठ्याने रडली नाही. पोरीच्या कपाळावरून हात फिरवत "माजे बाय, माजे बाय" एवढंच पुटपुटत होती. वर्षानुवर्षं बोलली नव्हती पोरीशी. मला तिथे उभं राहवेना, मी बाहेर येऊन भिंतीला टेकले.

काय झालं होतं ते मला सहदेवने सांगितलं. मी गेले तेव्हा तो गेटवर नव्हता, रस्त्यापलीकडच्या टपरीवर पिशवी घेऊन उभा होता. कल्पिता पडली त्याच संध्याकाळी एजन्सीने त्याला काढून टाकलं होतं, का तर दुसरीच्या कार्डावर माणूस आत सोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. चौदाव्या मजल्यावर पाहुणे यायचे होते. दादीसाच्या खोलीची मोठी काच बाहेरून मळली होती. सहदेवने खालून बघितलं, तर पोरगी खिडकीबाहेरच्या पट्टीवर उभी, एका हाताने चौकट धरलेली, एका हाताने काच पुसतेय. त्याने घाबरून वर इंटरकॉम केला. मॅडम म्हणाली, "बाई काच साफ कर रही है, तुम अपना काम करो." त्याने इंटरकॉम खाली ठेवला आणि बाहेर आला, तेवढ्यात ती पडली. मला हे सांगितलं त्याच दिवशीची गाडी पकडून तो मुलखाला निघून गेला, पोलिसांच्या भानगडीत त्याला पडायचं नव्हतं.

ती काच. मॅडमने मलाही दोनदा सांगितलं होतं, बाहेरून पुस म्हणून. पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा तोंडावर सांगितलं, मॅडम, माझं एकच आयुष्य आहे, बाहेरचं काम दोरीवाल्या माणसांना बोलावून करून घ्या. चार दिवस फुगून बसली आणि मग विसरली. माझं घर होतं, मी बोलू शकत होते.

सेक्रेटरी भाऊरावांनी मला ऑफिसात बोलावलं. आपलाच मराठी माणूस, रिटायर झालेला, बोलायला मिठ्ठास. मॅडम बाजूच्या खुर्चीत बसली होती, डोळे सुजलेले. भाऊरावांनी आधी कल्पिताचं कौतुक केलं, किती गुणी मुलगी होती वगैरे. आयुष्यात तिला बघितलं नव्हतं त्यांनी. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. मग मुद्द्यावर आले. सोसायटीचं म्हणणं असं, की ती बाई परवानगी नसताना दुसरीच्या कार्डावर आत शिरली, कशासाठी ते तिलाच ठाऊक. मी फक्त एवढंच सांगायचं, की गावी जाण्याआधी माझं कार्ड हरवलं होतं. बस. माझं घर शाबूत, कार्ड नवीन मिळेल, तिच्या घरच्यांना माणुसकी म्हणून सोसायटी काहीतरी करेल. आणि नाही सांगितलं तर? तर कार्ड दुसरीला दिलं म्हणून माझ्यावरच शेकेल, असं म्हणून त्यांनी खांदे उडवले.

म्हणजे कल्पिता चोर ठरणार. कार्ड चोरून टॉवरमध्ये घुसली, कशाला घुसली कोणास ठाऊक, खिडकीतून पळायला गेली आणि पडली. तिच्या आईने, कोळीवाड्यात ताठ मानेने बसणाऱ्या बाईने, हे उरलेलं आयुष्य ऐकायचं. मी मॅडमला विचारलं, तुम्ही तिला रोज चहा दिलात ना, तुम्हाला ठाऊक नव्हतं ती मी नाही म्हणून? मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाली, "मुझे लगा बाई ही है." खोटं बोलत असेल तर हलकट, आणि खरं बोलत असेल तर त्याहून वाईट. इतकी वर्षं तिच्या स्वयंपाकघरात वावरले मी. कल्पितात आणि माझ्यात पंचवीस वर्षांचं अंतर, ती उंच, सावळी, मी ही अशी बुटकी.

घरी नंदू म्हणाला, प्रेमा, सांगून टाक कार्ड हरवलं म्हणून, ती गेली ती काय परत येणार आहे? त्याचंही चुकीचं नव्हतं. त्याची कंपनी बंद पडल्यापासून चौदावा आणि सातवा मजला मिळून आमची चूल पेटत होती. मनात मात्र ठरवलं, कोणीतरी एक माणूस माझ्या बाजूने बोललं, की मी खरं सांगणार. ते माणूस म्हणजे दादीसा. खिडकी तिच्या खोलीची. ती पलंगावरच असते. तिने सगळं बघितलं असणार, आणि तिला नावही माहीत होतं.

पंचनाम्याला पोलिसांनी मला वर बोलावलं. सबइन्स्पेक्टर श्रुतिका साळवी, तरुण पोरगी, चेहऱ्यावर झोप नाही. सगळे तिला मॅडम म्हणत होते. कधीकाळी मानाच्या बाईला बाई म्हणायचे, आता मानाची बाई मॅडम झाली आणि बाई हा शब्द आमच्यासाठी सोडून दिला. दादीसाच्या खोलीत गेलो. ती काच अर्धी लखलखीत, अर्धी मळकी. म्हातारी माळ घेऊन बसलेली, मला बघून तिचे डोळे भरून आले. मला धीर आला. साळवी मॅडमने हिंदीत विचारलं, माताजी, काच पुसत होती ती कोण होती, तुम्ही ओळखत होतात का, तिला बाहेर चढायला कोणी सांगितलं? सून दारात उभी होती, हाताची घडी घालून.

मी म्हातारीच्या पायाशी बसले. म्हटलं, दादीसा, सांगा ना, तुम्ही तिला नावाने हाक मारायचात.

म्हातारीने माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं. मग साळवी मॅडमला म्हणाली, "बाई थी कोई. बाइयाँ तो आती-जाती रहती हैं."

आणि डोळे मिटून माळ ओढायला लागली.

मला रडू नाही आलं, संताप आला. अंगाचा तिळपापड झाला. पुढ्यातली तेलाची वाटी उचलून भिंतीवर आपटावी असं वाटलं. तिला त्याच सुनेच्या हातचे दोन घास खायचे होते, उठता-बसता तिचाच आधार होता, हे मला समजलं नाही असं नाही. समजलं. माफ केलं नाही एवढंच. बहिणीला म्हणतात म्हणे, लेकीला म्हणतात. म्हणत असतील त्यांच्या मारवाडात.

मी उठले आणि साळवी मॅडमला म्हटलं, माझा जबाब लिहून घ्या. तिथेच, त्या खोलीत, सून ऐकत असताना सांगितलं. कार्ड माझं, हरवलेलं नाही, मी माझ्या हाताने तिच्या गळ्यात घातलं. तिचं नाव कल्पिता मिथुन कदम. ती माझ्या सांगण्यावरून माझ्या जागी कामाला आली होती, चोरी करायला नाही. या घरात बाई देऊन जा असं मला सांगितलं होतं. ही काच मलाही बाहेरून पुसायला सांगितली होती, मी नाही म्हटलं होतं. इंटरकॉमचंही सांगितलं. साळवी मॅडमने लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि म्हणाली, "मावशी, कळतंय ना तुम्हाला, हे तुमच्यावरही येऊ शकतं?" मी म्हटलं, लिहा.

त्यानंतर काय झालं? फार काही झालं नाही. चौकशी चालू आहे. मॅडमचा वकील आहे. पण कागदावर कल्पिता चोर राहिली नाही, कामावर असताना मेली असं लागलं, एवढं झालं. माझं चौदाव्यावरचं घर त्याच दिवशी गेलं, सातव्यावरचंही आठवड्यात गेलं, कार्डच बंद केल्यावर राहणार कसं. आणि सोसायटीने बदली बंद केली. ज्याचं कार्ड तोच माणूस, नाहीतर काम सोडा. आता गेटबाहेरच्या बायका मला शिव्या घालतात. कोणाची सून बाळंत व्हायची आहे, कोणाचा नवरा आजारी आहे, गावी जायचं तर घरावर पाणी सोडून जायचं. सुरेखा माझ्या तोंडावर म्हणाली, एकीचं भलं करायला गेलीस आणि शंभर जणींच्या पोटावर पाय दिलास. तिलाही मी काय सांगणार, तिचं खरंच होतं.

बारावं झाल्यावर मी वर्सोव्याला गेले. कोणी बोलावलं नव्हतं. पुतळाबाई खाडीजवळ वलांडीवर बोंबील घालत होती, बांबूंना बांधलेल्या आडव्या दोऱ्यांवर दोन दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून. सुतकातून उठून कामाला लागली होती. मी तिला माझा जबाब सांगितला, तिच्या पोरीचं नाव साफ झालंय ते सांगितलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती हात न थांबवता ऐकत होती.

मग तिने विचारलं, "मना एक खरा सांग. तू असतीस त चढली असतीस?"

खोटं बोलता आलं असतं. चढले असते म्हणून सांगितलं असतं, आमच्या नशिबी हेच, आज तुझी पोरगी, उद्या मी. तिला थोडं सोपं गेलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "मला दोनदा सांगितलं होतं. मी नाही म्हटलं."

पुतळाबाईचे हात थांबले. "माज्या पोरीनं का नाय म्हटला नाय? मना त रोज नाय म्हनायची. लगीन नको करू म्हटला, त नाय. घरा ये म्हटला, त नाय. आपल्या आईला नाय म्हनायला येत व्हता, आन त्या बाईला नाय आला?"

"घर तिचं नव्हतं," मी म्हटलं. "माझं होतं. ती नाही म्हणाली असती तर माझं काम गेलं असतं. म्हणून नाही म्हणाली नाही."

मला वाटलं आता ही शिव्या देईल, अंगावर धावून येईल, कोळणीचं तोंड मला ठाऊक आहे. मी त्यासाठी तयारच होते. पण तिने खाली वाकून टोपलीतले दोन बोंबील उचलले आणि दोरीवर घातले, मग आणखी दोन. मला जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. मी तिथेच उभी राहिले.